या घरातली वत्सला

ता. ९ फेब्रुवारी

वन्सं,

पत्राची सुरुवात कशी करायची यातच माझा बराच वेळ गेला. नमस्कार लिहावा तर तो खोटा वाटेल, आणि न लिहावा तर तुम्ही माझ्या नवऱ्याची बहीण. तेव्हा तो लिहिला आहे असं धरून पुढे वाचा.

तुमचा पत्ता मला कुणी दिलेला नाही. मागच्या आठवड्यात मुलाकडे बाळीला बघायला गेले होते. तुमच्या भाच्याला मुलगी झाली आहे. पण ही बातमी तुम्हाला माझ्याही आधी कळली असावी असा माझा अंदाज आहे. त्याच्या टेबलावर चष्म्याचं नवं घर पडलं होतं. झाकणाच्या आत सोनेरी अक्षरांत दुकान, रस्ता, शहर. मी विचारलं, "चष्मा करायला एवढ्या लांब कशाला गेलास रे?"

"तिथे काचा चांगल्या घासतात," म्हणाला, आणि कान खाजवला. खोटं बोलताना तो लहानपणापासून कान खाजवतो. तुम्हीच मला हे दाखवलं होतंत.

त्या शहरात तुम्हाला चष्म्याच्या दुकानात पाहिल्याचं मागे एकदा शेजारची बोलली होती. तेव्हा यांनी उठून रेडिओचा आवाज वाढवला होता. मी घरी आले आणि यांचा खण उघडला. हे गेल्यापासून, म्हणजे गेल्या थंडीपासून, मी त्या खणाला हात लावला नव्हता. आत यांच्या चष्म्याचं घर होतं. कोपरे झिजलेले, पण दुकान तेच. "चष्मा कंपनीकडून मिळतो," असं हे म्हणायचे. लिफ्टवाल्या कंपनीला आपल्या मेकॅनिकच्या डोळ्यांची एवढी काळजी कशी, हे मला कधी विचारावंसं वाटलं नाही. आता विचारणार कुणाला?

म्हणजे भाऊ येत होता, भाचा येतो आहे, आणि तुम्ही कुठे आहात हे फक्त मला माहीत नव्हतं. त्याबद्दल मी आज काही म्हणत नाही. भाऊ गेला तेव्हा तुम्ही आला नाहीत, त्याबद्दलही म्हणत नाही. मला एकच विचारायचं आहे.

मुलगा म्हणतो, बाळीचं नाव वत्सला ठेवायचं. का, तर "आपल्या घरातलं नाव आहे, आजीची पण इच्छा असती." सासूबाईंच्या इच्छेची त्याला एवढी आठवण कधीपासून? त्या गेल्या तेव्हा तो क्रिकेट खेळायला गेला होता. हे नाव आज कुणी ठेवत नाही. त्याच्या ऑफिसात, सूनबाईच्या माहेरी, कुठेच नाही. मग त्याच्या डोक्यात ते घातलं कुणी?

तुम्ही घातलं असेल तर सरळ सांगा. महिनाअखेर नोंदणी कचेरीत नाव द्यायचं होतं, मी मुदत वाढवून घ्यायला लावली आहे. 'आईचं काहीतरी खुसपट' असं सूनबाई फोनवर कुणाला तरी म्हणत होती. म्हणू दे.

उत्तराची वाट बघते.

तुमची वहिनी


ता. २३ फेब्रुवारी

वन्सं,

तुमचं उत्तर आलं. एवढ्या मोठ्या पाकिटात एवढंसं उत्तर: "वहिनी, नाव मी सुचवलेलं नाही. ठेवू देऊ नका."

पहिल्या वाक्यावर विश्वास ठेवायचा मी प्रयत्न करते आहे. दुसऱ्याने मात्र माझी झोप उडवली. नाव तुमचं. तुम्हाला भाच्याच्या मुलीच्या, म्हणजे नातीच्या अंगावर ते नको. का नको? जुना दागिना कुणी आपल्या पेटीत दाबून ठेवतं, तसं तर नाही ना? घर सोडलंत, माणसं सोडलीत, आणि नाव मात्र माझंच, असं?

तुम्ही सांगणार नाही म्हणून मी माझी शोधायला गेले. मला ही सवय कशी लागली ते तुम्हाला ठाऊक आहे. हॉटेलच्या चादरींच्या खोलीत मी रफू करायला बसायची, आणि पाहुणे खोल्यांमध्ये विसरून गेलेली पुस्तकं तिथल्या फडताळात येऊन पडायची. मालक म्हणायचा, वर्षभरात कुणी मागायला आलं नाही तर घरी न्या. कुणी आलं नाही. अशी मी वाचायला शिकले. शाळेत शिकवलं ते पाट्या वाचण्याइतकंच होतं.

तर ग्रंथालयात गेले. तिथली ग्रंथपालबाई तरुण आहे, पण चष्मा जाड. तिने मोठा शब्दकोश काढून दिला. "घरात नाव ठेवायचंय का आजी?"

"ठेवायचं की नाही ते ठरवायचंय."

अर्थ मला ठाऊक होता असं मला वाटायचं. मायाळू. पण कोशात त्याच्या मागचंही दिलं होतं. वत्स म्हणजे वासरू. आपला वासरू हा शब्दही तिथूनच आला. वत्सला म्हणजे आधी गाय. वासरासाठी जिचा जीव तुटतो, पान्हा दाटतो, अशी गाय. मग हळूहळू ते बायकांचं नाव झालं. ग्रंथपालबाई म्हणाली, "माझ्या आजीच्या वर्गात तीन वत्सला होत्या. म्हणजे बाईंनी हाक मारली की तिघी उठायच्या. मग त्या म्हाताऱ्या झाल्या आणि नावही त्यांच्याबरोबर म्हातारं झालं. आता परत येतायत म्हणे जुनी नावं. लोकांना गोड वाटतात."

मी तिथे बराच वेळ बसले. मुलांची नावं आठवत गेले. विजय, यशवंत, प्रताप. त्यांना काय मिळावं ते त्यात असतं. मग मुलींची. सुशीला, सुमती, वत्सला. हिने कसं वागावं ते यात असतं. पोरगी अजून डोळे उघडत नाही तोवर तिच्या हातात कामाचा कागद. हे मी पुस्तकात वाचलेलं नाही, तिथे बसून मला सुचलं, तेव्हा चुकलंही असेल.

पण एक गोष्ट चुकलेली नाही. आपल्या घरातली वत्सला मी डोळ्यांनी पाहिली आहे. मी लग्न होऊन आले तेव्हा या घरात दिवसभर एकच हाक होती. वत्सला, पाणी. वत्सला, खिडकी लाव. वत्सला, पाठीला उशी दे. मी तुम्हाला वन्संच म्हणायची, त्यामुळे ते नाव माझ्या तोंडात कधी बसलं नाही. सासूबाईंनी अंथरूण धरल्यावर तर ते नाव घड्याळासारखं वाजायचं. कोशातल्या गायीला वासरू असतं. आपल्या घरात उलटं होतं. म्हातारी गाय वासराकडे दूध मागत होती.

आणि मग तुम्ही गेलात. तो दिवस मला नीट आठवतो. मी हॉटेलातून आले, सासूबाई जेवून झोपलेल्या, त्यांच्या उशाशी पाण्याचा तांब्या भरलेला, भांडी पालथी घातलेली, आणि तुमची लोखंडी ट्रंक जागेवर नाही. मला नोकरी सोडावी लागली. चादरींची ती खोली, ती खिडकी, ती पुस्तकं, सगळं सोडून मी तुमच्या जागी येऊन बसले. सासूबाई पुढे नऊ वर्षं होत्या. त्या मला तुमच्याच नावाने हाक मारायच्या. आधी मी दुरुस्त करायची. मग नाही.

हे मी रडगाणं म्हणून लिहीत नाही. फक्त एवढं कळावं, की त्या नावाबद्दल विचारायचा मलाही थोडा हक्क आहे.

वहिनी


ता. ७ मार्च

वन्सं,

या वेळी तुम्ही थोडं जास्त लिहिलंत. दुकानाच्या मागच्या खोलीत तुमचं चाक आहे, काचेवर सतत पाण्याची धार सोडावी लागते, आणि तिथे तुम्हाला सगळे 'भिंगबाई' म्हणतात हे कळलं. वत्सला कुणालाच ठाऊक नाही, असंही लिहिलंत. पण माझ्या प्रश्नाचं उत्तर टाळलंत. "काकूंना विचारा, त्या अजून आहेत," बस.

मला वाटलं, मला पिटाळताय. तरी गेले.

काकूंना तुम्ही पाहिलंत तर ओळखणार नाही. सगळा देह आक्रसलाय, जीभ मात्र होती तेवढीच. वृद्धाश्रमाच्या व्हरांड्यात पत्ते मांडून बसल्या होत्या. सगळीकडे फिनाइलचा वास. मला बघून म्हणाल्या, "आलीस? काय काढून घ्यायला आलीस?"

"काही नाही हो काकू. एक विचारायचंय."

"फुकट कुणी येत नाही. बस. पिसायला येतात?"

मी पत्ते पिसत विचारलं, की वत्सला हे नाव आपल्या घरात कुठून आलं. त्यांनी पत्त्यांवरून नजर उचलली नाही. "आलं कुठून ते कोण बघतं. माझ्या सासऱ्यांची आत्या वत्सला. मग नवऱ्याची बहीण वत्सला. मग तुझी नणंद. सुना बदलत गेल्या, वत्सला तीच."

"एकीच्या मागून एकीला तेच का?"

"कुणालाही नाही बाई. धाकटीला. शेवटची कोण ते नक्की झाल्याशिवाय ते नाव ठेवत नसत. तोवर नुसतं बाळी. मागून दुसरी झाली की आधीचीला दुसरं काहीतरी नाव द्यायचं आणि बाळी म्हणायचं नवीला. तुझी नणंद तर घरभर धावत होती तरी बाळीच होती. मग तुझ्या सासूला डॉक्टरनं सांगितलं, आता पुरे. त्याच आठवड्यात नाव ठेवलं."

"पण धाकटीलाच का?"

तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी अगदीच खुळी आहे अशा नजरेने. "अगं, धाकटी सगळ्यांत शेवटपर्यंत घरात असते. आईबाप म्हातारे होतात तेव्हा तीच हाताशी. तिचं लग्न काढत नसत. स्थळं यायची, पण कुणाची उंची नडायची, कुणाचं गाव. बोललं कुणीच नाही कधी. बोलायची गरजच नव्हती, नाव होतं ना."

"आणि तिला कुणी विचारलं?"

"तिला काय विचारायचं? तिला वाटायचं आपण मायाळूच आहोत." पत्ता टाकून हसल्या. "मीच मूर्ख. दोन्ही मुलगेच झाले. एक पोरगी झाली असती, तर आज इथे बसून फिनाइल हुंगलं असतं का मी?"

त्या थट्टेने बोलल्या, पण थट्टा नव्हती. निघताना माझा हात धरून म्हणाल्या, "तुझ्या मुलाला मुलगी झाली ना? आणि सुनेला दुसरं नको म्हणालेत ना डॉक्टर?"

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"मला सगळं कळतं. एकच आहे म्हणजे तीच शेवटची. नशीबवान आहेस."

परतताना बसमध्ये मी हिशेब केला. महिनाभर मी शोधत होते, की हे नाव कुणाच्या फायद्याचं. तुमच्यावर संशय घेतला, मुलावर घेतला, मेलेल्या सासूवर घेतला. एकीवर घ्यायचा राहिला होता. माझे गुडघे दुखतात. मला चष्म्यातूनही नीट दिसत नाही. त्या घरातली पुढची म्हातारी मी आहे, वन्सं. काकू 'नशीबवान' म्हणाल्या तेव्हा क्षणभर, अगदी क्षणभर, मला बरं वाटलं होतं. तुमच्यापासून लपवून काय करू. डोळ्यांपुढे आमच्या खिडकीशी एक तरुण मुलगी उभी राहिली, हातात पाण्याचा पेला घेतलेली. चेहरा दिसला नाही. बरं झालं दिसला नाही.

वहिनी


ता. १५ मार्च

वन्सं,

मी मुलाला सगळं सांगितलं आणि त्याने माझ्यावर विश्वास ठेवला नाही.

रविवारी गेले होते. बाळी सूनबाईच्या खांद्यावर होती. मी म्हटलं, या नावाचा आपल्या घरात एक इतिहास आहे, आणि काकूंनी सांगितलं ते जसंच्या तसं सांगितलं. तो ऐकून घेत होता. मग म्हणाला, "आई, काकूआजी तुला म्हणाली होती की मी शेजारणीचं मांजर चोरलं. तेही खरं का?"

"हे मांजराचं नाही रे."

"मग कशाचं आहे? आत्याचं आहे ना? तुला आत्याचं काहीच चालत नाही. ती गेल्यापासून तू तिच्याबद्दल एक चांगला शब्द बोललेली नाहीस. ट्रंकेत काय नेलं, कुणाबरोबर गेली, हेच. आता तिचं नावही नको तुला."

यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं.

मग त्याने सांगितलं. नाव त्याला कुणी सुचवलं नाही, त्याचं त्यालाच सुचलं. लहान असताना तुम्ही त्याला कडेवर घेऊन गच्चीवर विमानं दाखवायचात. त्याचे दात किडले तेव्हा तुम्ही दवाखान्याबाहेर त्याच्याबरोबर रडलात. माया म्हटलं की त्याला तुम्ही आठवता, मी नाही. हे त्याने असं म्हटलं नाही, पण मला ऐकू आलं. सासूबाईंची इच्छा वगैरे मला पटावं म्हणून जोडलेलं. कान खाजवत.

सूनबाईला वातावरण हलकं करायचं होतं बिचारीला. बाळीला थोपटत म्हणाली, "असू द्या ना आई. तुमच्या म्हातारपणी हीच वत्सला धावून येईल पाणी द्यायला."

ती चांगली मुलगी आहे. तिला काय ठाऊक. पण तीन पिढ्यांनी जे बोलून दाखवलं नव्हतं, ते त्या पोरीने हसत हसत बोलून टाकलं.

मी चप्पल घालत होते तेव्हा मुलगा दाराशी आला. म्हणाला, "आणि तुझा अजून एक गैरसमज आहे. बाबा गेले तेव्हा आत्या आली होती."

मी म्हटलं, खोटं. कान खाजवतोस का बघते. हात खिशात होते त्याचे, पण चेहरा सरळ होता.

"समोरच्या इमारतीच्या पायऱ्यांवर बसली होती सकाळपासून. मी खाली जाऊन म्हटलं, आत्या, वर चल. तर म्हणाली, वर आले की कुणीतरी मला हाक मारून पाणी मागेल, आणि मी देईन."

वन्सं, त्या दिवशी घरात पन्नास माणसं होती आणि कोपऱ्यात मी. तुम्ही दारात दिसला असतात तर पाणी मीच मागितलं असतं. तेवढं मला नक्की ठाऊक आहे. म्हणून तुम्ही आला नाहीत याबद्दल मी यापुढे बोलणार नाही.

पण दुसरं एक आहे. बसमध्ये मला राहून राहून तुमची ती लोखंडी ट्रंक आठवत होती. ती तुम्हाला एकटीला पलंगाखालून ओढताही यायची नाही. पाच मजले तुम्ही ती उतरवलीत कशी? लिफ्ट महिनाभर बंद होती. यांची सवय तुम्हाला ठाऊक आहे. गावभरच्या लिफ्ट दुरुस्त करायचे आणि आमच्या इमारतीतली बंद पडली की म्हणायचे, घरच्या कामाला मुहूर्त नाही. सगळे शेजारी यांना शिव्या घालत जिना चढायचे. आणि मी संध्याकाळी हॉटेलातून आले तेव्हा लिफ्ट चालू होती. तुम्ही गेल्याच्या गडबडीत ते माझ्या लक्षातच आलं नाही. इतक्या वर्षांनी बसमध्ये लक्षात आलं.

यांनी त्या दिवशी घरची लिफ्ट का दुरुस्त केली?

मला पत्रातून उत्तर नको आहे.

वहिनी


ता. १८ मार्च

वन्सं,

मागचं पत्र तुम्हाला पोचलं की नाही ठाऊक नाही, तरी हे पाठवते.

मुलगा माझं ऐकणार नाही. इतकी वर्षं मी तुमच्यावर संशय घेतला, त्यामुळे आता मी खरं बोलले तरी त्याला तो संशयच वाटतो. त्याला तुम्हीच सांगायला हवं, आणि समोर बसून. पत्रातलं वाचून तो म्हणेल, आईने लिहून घेतलं.

शनिवार, पाच एप्रिल, दुपारी. ती तिघं इथे येणार आहेत. तुम्ही पाचव्या मजल्यावरच्या या घरात यायला घाबरता, हे मी आता समजते. म्हणून लिहून देते. तुमची खुर्ची दाराजवळ असेल, उठून जायला सोपी. पाण्याचा जग माझ्या हाताशी असेल. तुम्हाला त्या नावाने कुणी हाक मारणार नाही. कुणी काही मागितलं तर तुम्ही नाही म्हणा. मीच मागितलं तरी.

लिफ्ट चालू आहे. कंपनीचा नवा मेकॅनिक येतो, पोरगेला आहे, यांच्यासारखा कान लावून ऐकत नाही. पण चालू आहे.

वहिनी


ता. ११ एप्रिल

वन्सं,

तुम्ही होतात तेवढं तुम्हाला ठाऊक आहे. तरी ते मी पुन्हा लिहिते, कारण काही गोष्टी लिहिल्याशिवाय माझ्या मनात नीट लागत नाहीत. आणि तुम्ही गेल्यावर काय झालं तेही सांगायचं आहे.

तुम्ही आलात तेव्हा मी ओळखलं नाही. केस एवढे पांढरे होतील असं वाटलं नव्हतं. तुम्ही उंबऱ्यात उभ्या राहून आधी खुर्ची कुठे आहे ते पाहिलंत. मग बसलात. अंगावरचा दुकानातला कोट काढला नाहीत. मी पाणी दिलं. तुम्ही पेला बराच वेळ नुसता हातात धरून बसलात. या घरात तुमच्या हातात कुणी पाणी दिल्याचं मलाही आठवत नाही.

मग सूनबाईने, बिचारी, दूध गरम करायला उठता उठता बाळीला तुमच्याकडे केलं. "आत्या, जरा धरता हिला?"

मी हातातला जग खाली ठेवला. मुलगाही थांबला. आणि तुम्ही म्हणालात, "नाही."

एवढंच. हळू. सूनबाई गोंधळली, मग म्हणाली, "बरं," आणि बाळीला घेऊनच आत गेली. काही झालं नाही, वन्सं. छत कोसळलं नाही. या घरात वत्सला नाही म्हणाली, आणि दूधसुद्धा उतू गेलं नाही.

मुलगा म्हणाला, "आत्या, मला वाटलं तुझ्या मायेची आठवण राहील. म्हणून ते नाव."

तुम्ही त्याच्याकडे पाहून जे म्हणालात ते मी त्याच संध्याकाळी मनात घोकून ठेवलं. "माया मी तुझ्यावर केली, ती माझी होती. नाव मला लावलेलं होतं. दोन्हीची गल्लत नको करूस. तू झाला नसतास तर मी या घरातून दहा वर्षं आधी गेले असते."

 त्याचे कान लाल झाले होते, खाजवले मात्र नाहीत.

मग तुम्ही पाणी प्यायलात, कोट काढून खुर्चीच्या पाठीला अडकवलात आणि आतल्या दिशेने म्हणालात, "आता आण तिला." सूनबाईने दिली. बाळीने तुमच्या चष्म्याची काडी पकडली आणि तुम्ही ती सोडवली नाहीत.

खाली जाताना लिफ्टच्या दारात मी विचारलं. तुम्ही लगेच सांगितलंत, जसं काही मी कधीतरी विचारीन म्हणून ते तयार ठेवलं होतं. "त्याने आधी रिकामी लिफ्ट वर-खाली करून पाहिली. म्हणाला, मध्येच अडकलीस तर परत घरी यावं लागेल."

माझ्याबद्दल काही म्हणाले का, हे मी विचारलं नाही. तुम्हीच म्हणालात. "मी म्हटलं, वहिनीवर सगळं येईल. तर म्हणाला, माझ्यावर येईल, मी बघतो."

लिफ्टचं दार लागलं आणि तुम्ही खाली गेलात. मी जिन्याच्या पायरीवर बसून राहिले.

मला यांचा राग आला आहे. जिवंत असते तर बोलले असते, आठवडाभर तरी. एक शब्द सांगितला असता. मी इतकी वर्षं तुम्हाला शिव्या देत होते आणि हे समोर बसून ऐकत होते, रेडिओ मोठा करत होते. पण त्याच पायरीवर मला दुसरंही आठवलं. सासूबाईंना उचलून बसवायचं काम यांनी शेवटपर्यंत मला करू दिलं नाही. कामावर जायच्या आधी, आल्यावर, मधल्या सुट्टीत सायकल मारत येऊन. शेजारणी हसायच्या, 'तुझा नवरा सूनच झालाय सासूची.' मला वाटायचं, आईवर जीव आहे. तेही असेल. पण लिफ्ट दुरुस्त केलेल्या माणसाचं ते बाकी काम होतं, हे आता कळलं. सगळं फेडता आलं नाही त्यांना. थोडं माझ्यावर आलंच. पण बघतो म्हणाले आणि त्यांनी बघितलं.

राग आणि हे, दोन्ही मी सध्या शेजारी शेजारी ठेवून आहे. एकाने दुसरं पुसलं जात नाही.

आता बाळीचं. मंगळवारी मुलगा एकटा आला. मी त्याला चहा केला, त्याने कप स्वतः विसळला; असं त्याने पूर्वी केल्याचं मला आठवत नाही, त्यामुळे काहीतरी हवं असणार असा मला संशय आला. त्याला काही नको होतं. म्हणाला, कचेरीत जाऊन आलो. दुसरं नाव दिलं आहे.

काय दिलं ते मी इथे लिहीत नाही. तिलाच विचारा; बोलायला लागली की सांगेल. त्या नावाची आमच्या घरात कुणीही होऊन गेलेली नाही. ग्रंथपालबाईने मला रस्त्यात गाठून विचारलं, "काढायचा का अर्थ आजी?" मी नको म्हटलं. तिचा तिला लावू दे.

आणि चष्मा मिळाला. त्या शनिवारी तुम्ही गेल्यावर माझा जुना चष्मा टेबलावरून नाहीसा झाला होता, आणि मी दोन दिवस सूनबाईवर संशय घेतला होता. नव्या काचांतून मला भिंतीवरचा पोपडासुद्धा दिसतो, जो मला दिसला नसता तर बरं झालं असतं. पण वन्सं, मला माया म्हणून काही करून पाठवू नका. तुमच्या कोटाचं उजवं कोपर उसवलं आहे, तुम्ही तो अडकवलात तेव्हाच मी पाहिलं. पुढच्या वेळी येताना घेऊन या. चष्म्याच्या बदल्यात रफू. माझा हात अजून चांगला आहे. टाका कुठे घातला ते तुम्हाला भिंगातूनही सापडणार नाही.

खुर्ची अजून दाराजवळच आहे. हवी तर आत सरकवा, तुमची तुम्ही.

आणि हाक कशी मारायची ते कळवा. भिंगबाई मला जमणार नाही, हसू येतं.

तुमची वहिनी